यादी आणि हुज्जत

लंडनच्या वायव्येला किंग्जबरी नावाचं उपनगर आहे. तिथे 'प्रिन्स ऑफ वेल्स' या पबला लागून एक हॉल होता, त्याचं नाव 'बँडवॅगन'. १९७५ सालापासून नील के नावाचा डीजे तिथे हार्ड रॉक आणि हेवी मेटलच्या तबकड्या लावायचा. पुढे पंकची लाट आली, संगीताच्या साप्ताहिकांनी हेवी मेटलचं तेरावंसुद्धा उरकलं, तरी या हॉलमधली गर्दी हटेना. पोरं प्लायवुड आणि हार्डबोर्ड कापून गिटारी करून आणायची, आणि तबकडीवर सोलो सुरू झाला की त्या बिनतारांच्या गिटारी छाती काढून वाजवायची. के आणखी एक उद्योग करायचा. हॉलमधले लोक कोणतं गाणं मागतात याची तो नोंद ठेवायचा आणि त्यावरून क्रमवारी लावायचा. ती क्रमवारी 'साउंड्स' या साप्ताहिकात छापून येऊ लागली. दुकानातल्या विक्रीचा तिच्याशी संबंध नव्हता, रेडिओवाल्यांच्या मर्जीचाही नव्हता. पबमधल्या श्रोत्यांच्या फर्माइशीवर ती उभी होती.

१९७८ सालच्या शेवटच्या दोन दिवसांत पूर्व लंडनमधल्या एका बँडने केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली आणि ती टेप केच्या हाती दिली. बँडजवळ ना रेकॉर्ड कंपनी होती, ना पैसा. त्यातलं 'प्राउलर' हे गाणं लोक मागत गेले, मागत गेले, आणि ते त्या क्रमवारीत पहिल्या नंबरावर पोचलं. बँडचं नाव आयर्न मेडन. त्या टेपमधली तीन गाणी १९७९च्या नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच छापून टपालाने विकली. प्रती ५,०००, आणि तबकडीचं नाव 'द साउंडहाउस टेप्स'. केच्या हॉलला लोक 'साउंडहाउस' म्हणत, त्यावरून हे नाव. त्याच वर्षी मे महिन्यात केने कॅमडनच्या 'म्युझिक मशीन'मध्ये आयर्न मेडन, एंजल विच आणि सॅमसन यांचा कार्यक्रम ठेवला. जेफ बार्टनने त्यावर 'साउंड्स'मध्ये लिहिलं आणि त्या मजकुराबरोबर 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे लांबलचक नाव छापून आलं. ते आजवर टिकलं आहे.

इतकं सगळं सांगायचं कारण एवढंच की श्रोत्यांनी मिळून गाण्यांची यादी करणं, तिच्यावर भांडणं आणि भांडता भांडता एखाद्या अनोळखी बँडला वर ढकलणं हा या संगीताचा जुना धंदा आहे. पुढच्या पानांवर ट्रॅडिशनल आणि पॉवर मेटलची जी प्लेलिस्ट आहे तिला म्हणूनच कुणा तज्ज्ञाची शिफारस समजू नये. काही पुण्या-मुंबईचे, एक नाशिकचा, दोघं जर्मनीत नोकरीला असलेले, अशा मराठी बोलणाऱ्या मेटलवेड्यांनी ती जमवली आहे. प्रत्येक गाण्याखाली ते सुचवणाऱ्याचं टिपण आहे, आणि जिथे वाद झाला तिथे वादही छापला आहे. संपादन करताना मला वाद गाळून टाका असा सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही. माझ्या मते यादीतला सर्वांत वाचनीय भाग तोच आहे.

नियम थोडे होते. एका बँडची दोनपेक्षा जास्त गाणी नकोत. गाणाऱ्याने गायलं पाहिजे; गुरगुरणं आणि किंचाळणं हे मेटलच्या दुसऱ्या शाखांसाठी ठेवलं. थ्रॅश, डेथ, ब्लॅक यांना या यादीत जागा नाही. यातला प्रत्येक नियम कुणीतरी मोडायचा प्रयत्न केला, आणि दोन-तीनदा तो यशस्वीही झाला.

ट्रॅडिशनल मेटल कुठून सुरू होतं यावर पहिली चकमक झाली. बर्मिंगहॅमबद्दल दुमत नव्हतं. १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. त्यामागची टोनी आयोमीची गोष्ट मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण ही प्रस्तावना न ऐकणाऱ्यांसाठीही आहे म्हणून सांगतो. सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रेसमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. भाजून निकामी झालेल्या बोटांसह गिटार वाजवणारा हा जॅझवादक ऐकल्यावर आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, आणि दाबायला सोप्या पडाव्यात म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे त्याने तारांचा ताणच उतरवला. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. त्या खालच्या, जड स्वराची नक्कल जगभर झाली. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांची दहाही बोटं शाबूत होती.

सॅबथवर वाद असा की ते ट्रॅडिशनल मेटल आहे, की डूम मेटलचं मूळ म्हणून त्याला वेगळं ठेवावं? नाशिकच्या मित्राचं म्हणणं, सॅबथमध्ये ब्लूज अजून शिल्लक आहे. तो काढून टाकला ज्युडास प्रीस्टने, तेव्हा खरी सुरुवात तिथून. हा मुद्दा मला पटतो. १९७६चा 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी' आणि १९७८चा 'स्टेन्ड क्लास' लागोपाठ ऐकले तर ब्लूजची झुलती चाल गळून पडताना ऐकू येते. उरतो तो रिफ: गिटारवर वाजणारा दोन-चार मापांचा छोटा, कोरीव तुकडा, ज्यावर सगळं गाणं उभं राहतं. ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग असे दोन गिटारवाले एकमेकांच्या सुरांना जोडून वाजवतात आणि त्यांच्यावर रॉब हॅलफर्डचा आवाज सुटतो. दोन गिटारींची ही जोडकाम पद्धत विशबोन अॅश आणि थिन लिझीने आधीच रुळवली होती. प्रीस्टने तिला वेग आणि धार दिली. शेवटी सॅबथला आत घेतलं, पण गायक रॉनी जेम्स डिओच्या काळातलं, १९८०चं 'हेवन अँड हेल'. ही तडजोड होती आणि ती तशीच वाचावी.

प्रीस्टच्या १९८०च्या 'ब्रिटिश स्टील'बद्दल एक गंमत टिपणांत आली आहे, ती इथेही सांगण्याचा मोह आवरत नाही. 'मेटल गॉड्स' या गाण्यात लोखंडी राक्षसांची पावलं पडतात. तो अल्बम बर्कशरमधल्या टिटनहर्स्ट पार्क या बंगल्यात रेकॉर्ड झाला. बंगला आधी जॉन लेननचा, नंतर रिंगो स्टारचा. राक्षसांच्या पावलांसाठी बँडने तिथल्या स्वयंपाकघरातले सुऱ्या-काट्यांचे ट्रे उचलून खडखडवले. सॅम्पलर नव्हते, खर्चही नव्हता. त्या गाण्यातलं लोखंड म्हणजे स्वयंपाकघरातलं स्टील.

रिची ब्लॅकमोरच्या रेनबोला मात्र कुणी आडवं गेलं नाही. १९७६च्या 'रायझिंग'मधलं 'स्टारगेझर' हे आठ मिनिटांहून लांब गाणं यादीत पहिल्या दिवशी आलं आणि पहिल्या दिवसापासून कायम आहे. एक जादूगार आकाशात उडायचं म्हणून मजुरांकडून मनोरा बांधून घेतो. मजूर उन्हात, तहानेने मरत दगड चढवतात. मनोरा पुरा होतो आणि जादूगार पडतो. सांगणारा आहे मजूर. पाठीमागे म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आहे आणि समोर रॉनी जेम्स डिओ. पॉवर मेटलचे पुढचे सगळे किल्ले, ड्रॅगन आणि मांत्रिक या एका गाण्यातून निघाले असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. फरक इतकाच की पुढच्यांना मांत्रिकाचं जास्त आकर्षण वाटलं, मजूर मागे पडले.

ब्रिटिश लाटेतली गाणी निवडताना आयर्न मेडनपेक्षा बाकीच्यांवर वेळ जास्त गेला, आणि तसंच व्हायला हवं होतं. मेडनचं काय सांगायचं? स्टीव्ह हॅरिसची बोटांनी वाजवलेली, घोड्याच्या टापांसारखी धावणारी बास गिटार, १९८१ साली आलेला ब्रूस डिकिन्सन, आणि १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह'मध्ये कोलरिजच्या खलाशाच्या कवितेवर केलेलं तेरा मिनिटांचं गाणं. हे सगळं सर्वश्रुत आहे. आपल्याकडच्या वाचकाला वेगळी आठवण असेल: १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जगभराच्या दौऱ्याचा पहिला प्रयोग मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. बँड स्वतःच्या बोइंग ७५७मधून आला होता आणि विमान चालवायला खुद्द डिकिन्सन होता. यादी करणाऱ्यांपैकी निम्मे त्या मैदानात होते आणि त्या रात्रीच्या धुळीबद्दल अजून तक्रार करतात.

बाकीच्यांत बार्न्स्लीचा सॅक्सन आला, 'व्हील्स ऑफ स्टील'साठी. गर्लस्कूल आल्या, कारण ही लाट म्हणजे फक्त पुरुषांचा मामला नव्हता. स्टोअरब्रिजचा डायमंड हेड आला, आणि त्याने आम्हाला एका निराळ्याच भानगडीत टाकलं. १९८०चा 'लाइटनिंग टू द नेशन्स' हा त्यांचा अल्बम. पुढे मेटॅलिकाने त्यातलं 'अॅम आय एव्हिल' वाजवून जगभर नेलं. मेटॅलिकाचा लार्स उल्रिक १९८१ साली अमेरिकेहून इंग्लंडला गेला होता तो या बँडचा नाद लागल्यामुळेच. पण २०२० साली डायमंड हेडने हाच अल्बम नव्या गायकासह पुन्हा रेकॉर्ड केला. स्ट्रीमिंगवर नाव टाकलं की दोन्ही समोर येतात, आणि घाईत असलेला माणूस चुकीच्यावर बोट ठेवतो. मॅनोवॉरचं तसंच. १९८२च्या त्यांच्या पहिल्या अल्बमात 'डार्क अव्हेंजर' या गाण्यात निवेदन आहे ते साक्षात ऑर्सन वेल्सच्या आवाजात. २०१० साली त्यांनी सगळा अल्बम परत केला तेव्हा वेल्स हयात नव्हता, म्हणून निवेदनाला ख्रिस्तोफर ली. दोन्ही आवाज ऐकण्यासारखे आहेत, पण ते एकच गाणं नाही. म्हणून यादीत प्रत्येक नोंदीपुढे रेकॉर्डिंगचं साल दिलं आहे. हा किचकटपणा वाटेल. ज्याने एकदा चुकीचं ऐकून 'यात काय एवढं' असं म्हटलंय, त्याला वाटणार नाही.

अमेरिकेत हे संगीत कसं पोचलं आणि कसं पसरलं, त्यातही पुन्हा याद्याच आहेत. कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवायची, सोबत आपल्याकडे काय काय आहे त्याची हाताने लिहिलेली यादी जोडायची आणि टपालाने पाठवायची. समोरचा त्याच्या यादीतलं काहीतरी पाठवणार. ऐंशीच्या दशकात अशी देवाणघेवाण देशोदेशी चालायची. लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या ब्रायन स्लेगलने आसपासच्या अनोळखी बँडांची गाणी गोळा करून १९८२ साली 'मेटल मॅसकर' नावाची तबकडी काढली. मेटॅलिकाचं पहिलं छापील गाणं तिच्यावर आहे, आणि पहिल्या आवृत्तीत बँडच्या नावात एक टी जास्त पडला आहे. स्लेगलची मेटल ब्लेड ही कंपनी तिथून सुरू झाली. श्रोत्याची यादीच थेट कंपनी झाल्याचं हे उदाहरण.

मात्र अमेरिकेतल्या ज्या बँडांवर माझा आणि दोघा-तिघांचा विशेष जीव आहे, ते मेटॅलिकाच्या वाटेने गेलेच नाहीत. व्हेंचुरा, कॅलिफोर्नियाचा सिरिथ उंगोल. नाव टोल्कीनच्या कादंबरीतून उचललेलं. विचिटा, कॅन्ससचा मॅनिला रोड. कोलोराडोचा जॅग पँझर. १९८३-८४च्या दोन वर्षांत 'क्रिस्टल लॉजिक', 'किंग ऑफ द डेड' आणि 'अॅम्पल डिस्ट्रक्शन' असे तीन अल्बम आले आणि त्या वेळी फारच थोड्यांनी ऐकले. सिरिथ उंगोलचा टिम बेकर ज्या आवाजात गातो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सहन होत नाही, हे आम्ही बरोबरच्या टिपणात प्रामाणिकपणे लिहिलंय. मॅनिला रोडच्या मार्क शेल्टनचा आवाज नाकातला, आणि गिटार अशी की वाळवंटातून वारा येतोय. विचिटासारख्या गावात बसून हा माणूस चार दशकं तलवारी, थडगी आणि बुडालेली शहरं यांवर गाणी करत राहिला. लोकांनी त्याला शोधून काढलं ते उशिरा, आणि मुख्यतः युरोपात. दक्षिण जर्मनीत लाउडा-क्योनिग्सहोफेन या छोट्या गावी २००३ सालापासून 'कीप इट ट्रू' नावाचा महोत्सव भरू लागला. अशा विस्मरणात गेलेल्या बँडांना शोधून रंगमंचावर आणणं हेच तिथलं मुख्य आकर्षण. जुलै २०१८मध्ये शेल्टनचं निधन झालं तेही जर्मनीत, एका महोत्सवात वाजवून झाल्यानंतर. यंत्राने सुचवलेल्या प्लेलिस्टमध्ये हा माणूस सहसा येत नाही. ऐकणाऱ्या माणसाने दुसऱ्याला सांगितलं तरच तो पोचतो, आणि एवढ्यासाठी तरी अशा याद्या माणसांनी कराव्यात असं मला वाटतं.

आता उत्तरार्ध, पॉवर मेटलचा. इथे वाचकांचे दोन तट पडतात हे मी अनुभवाने जाणतो. एक तट म्हणतो, अहो हे काय? इतकं गोड, इतकं वेगवान, इतक्या उंच पट्टीत, आणि वर तलवारी! त्यांना माझं उत्तर एवढंच की पोवाडा ऐकताना तुम्ही शाहिराला 'जरा हळू, जरा संयमाने' असं सांगता का? वीररसाची लाज बाळगायची नाही हा इथला पहिला नियम आहे. तो एकदा मान्य केला की बाकी सगळं कारागिरीचं काम आहे.

कारागिरी अशी. ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो, सोळाव्या मात्रांची अखंड धार लावतो. गिटारींच्या ओळी बाख-व्हिवाल्डीच्या वळणाच्या; हे वळण ब्लॅकमोरकडून आलं आणि १९८४ सालच्या 'रायझिंग फोर्स'नंतर स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने त्याचं वेडच लावलं. कडवं मायनरमध्ये अंधारून येतं आणि ध्रुवपद एकदम मेजरमध्ये उघडतं. त्या उघडण्यावरच बरंचसं अवलंबून असतं. ध्रुवपद पडलं तर उरलेल्या वेगाचा काही उपयोग नाही. आमच्या यादीतून जी गाणी वगळली गेली त्यातली निम्मी याच एका कारणाने.

जर्मनीतल्या झोलिंगन या गावी, जिथल्या सुऱ्या जगप्रसिद्ध आहेत, अॅक्सेप्ट हा बँड होता. त्यांचं १९८२चं 'फास्ट अॅज अ शार्क' एका जुन्या जर्मन लोकगीताच्या तबकडीने सुरू होतं. सुई खरवडते, एक किंकाळी येते आणि दोन्ही पायांचा ड्रम धावत सुटतो. पाच वर्षांनी हॅम्बुर्गच्या हेलोवीनने 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' आणला. गाणारा मायकल किस्के तेव्हा विशीतही नव्हता. बँडला दुहेरी अल्बम हवा होता, कंपनीने नकार दिला, म्हणून तो १९८७ आणि १९८८ असा दोन भागांत निघाला. आज युरोपात, जपानात, दक्षिण अमेरिकेत जे काही पॉवर मेटल म्हणून वाजतं, त्याचा साचा या दोन भागांत सापडतो. गिटारवादक काई हॅन्सन लगेच बाहेर पडला आणि त्याने गॅमा रे काढला. २०१७ साली किस्के आणि हॅन्सन दोघंही हेलोवीनमध्ये परतले, आणि आता मंचावर तीन गायक आहेत. हेलोवीनची तीन गाणी घेऊ द्या, असा ठराव जर्मनीतल्या आमच्या मित्रांनी मांडला होता. नियमावर बोट ठेवून तो फेटाळला. ते अजून नाराज आहेत.

क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनकडे मात्र सगळ्यांचा कल होता. १९९८चा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' हा टोल्कीनच्या 'सिल्मरिलिअन'वरचा अल्बम. हान्सी क्यूर्शने स्वतःचाच आवाज थरावर थर रचून समूहगान उभं केलंय. तरीही यादीत घेतलंय ते १९९२चं साधं, गिटार आणि आवाज एवढ्यावर चालणारं 'द बार्ड्स साँग'. कार्यक्रमात क्यूर्शला ते फारसं गावंच लागत नाही, समोरची माणसं अख्खं गाणं म्हणतात. त्यामुळे लाइव्ह रेकॉर्डिंगच निवडलं. त्यावर कुणाची हरकत नव्हती.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ग्रंजपुढे हे सगळं जुनाट ठरलं, तेव्हा ते इतरत्र तगलं. स्वीडनच्या हॅमरफॉलचा १९९७चा 'ग्लोरी टू द ब्रेव्ह' जर्मनीत खपला आणि मागोमाग फिनलंडपासून इटलीपर्यंत पीक आलं. स्ट्रॅटोव्हेरियस, नाइटविश, सोनाटा आर्क्टिका, त्रिएस्तेचा रॅप्सडी. यांवर टिपणं भरपूर आहेत, मी त्यात भर घालत नाही. ड्रॅगनफोर्सबद्दल मात्र एक वाक्य: व्हिडिओ गेममुळे २००७ साली शाळकरी पोरांना त्यांचं 'थ्रू द फायर अँड फ्लेम्स' पाठ झालं, आणि त्यातल्या काहींनी पुढे खऱ्या गिटारी घेतल्या, म्हणून त्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी जरा बेताने मुरडावीत.

ब्राझीलच्या अँग्राजवळ मी थोडा थांबणार आहे. साओ पाउलोच्या या बँडचा १९९६चा 'होली लँड' पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावरच्या ब्राझीलभोवती फिरतो: युरोपातून आलेली गलबतं, तिथले मूळ रहिवासी, दोघांची गाठ. आंद्रे मातोस गातो आणि पियानो वाजवतो. मेटलच्या मधोमध ब्राझिली ताल आणि लाकडी बासऱ्या येतात, तरी शिवण दिसत नाही. एप्रिल १५००मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलेला काब्रालचा पोर्तुगीज ताफा निघाला होता हिंदुस्थानकडे, आणि पुढे तो कालिकतला पोचलाही. दहा वर्षांनी याच पोर्तुगिजांनी गोवा घेतला. गोव्याच्या वाचकांनी हा अल्बम ऐकताना ते ध्यानात ठेवावं. मातोस २०१९ साली गेला, सत्तेचाळीसाव्या वर्षी. पॉवर मेटल म्हणजे जर्मन साच्याची छापील नक्कल असं ज्यांचं मत आहे, त्यांना आम्ही पहिल्यांदा हाच अल्बम देतो.

सर्वांत गंभीर वाद स्वीडनच्या फालुन गावच्या सॅबटॉनवरून झाला. हा बँड युद्धांच्या इतिहासावर गाणी करतो. २००८च्या 'द आर्ट ऑफ वॉर'मधलं 'घोस्ट डिव्हिजन' त्यांच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक. विषय आहे रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनची १९४० सालची फ्रान्समधली मुसंडी. एकाने ते सुचवलं, दुसऱ्याने कडाडून विरोध केला. सुचवणाऱ्याचं म्हणणं, गाणं नाझी विचारांचं समर्थन करत नाही, फक्त लष्करी वेग सांगतं. विरोध करणाऱ्याचं म्हणणं, हजारो लोक मुठी उंचावून हिटलरच्या रणगाड्यांचा वेग गातात, तेव्हा 'फक्त' या शब्दाला अर्थ उरत नाही. मला दुसरी बाजू जवळची वाटली. वीररस कशाच्या बाजूने उभा आहे हे विचारण्याचा श्रोत्याला हक्क आहे. शेवटी त्याच अल्बममधलं 'द प्राइस ऑफ अ माइल' घेतलं. ते १९१७च्या पॅशनडेलच्या लढाईवर आहे, आणि मैलभर चिखलासाठी किती माणसं गेली हे त्याच बुलंद सुरावटीत विचारतं. दोघांचीही टिपणं शेजारी शेजारी छापली आहेत. वाचकाने दोन्ही गाणी ऐकून काय ते ठरवावं.

भारतातले दोन बँड यादीत आहेत. विशाखापट्टणमच्या अगेन्स्ट एव्हिलला सगळ्यांनी होकार दिला. बंगलोरच्या क्रिप्टोसला नाही. १९९८पासून वाजवणारा, २०१३ साली जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आलेला हा बँड. गिटारींची जोडणी अगदी प्रीस्ट-मेडनच्या तालमीतली. अडचण गळ्याची. गाणारा खरखरीत, घासून गातो, आणि 'गाणाऱ्याने गायलं पाहिजे' हा नियम आम्हीच केलेला. गिटारी ऐकून नियम बाजूला ठेवला. मराठीत लिहिलेलं या जातीचं गाणं यादीत नाही. अभिमानापोटी काहीतरी ओढूनताणून बसवणं बरं दिसलं नसतं.

क्रम ऐकण्याच्या दृष्टीने लावला आहे, सालांच्या नाही. शफल बंद ठेवा. पूर्वार्धाच्या शेवटी प्रीस्टचं १९९०चं 'पेनकिलर' आहे. ते ट्रॅडिशनल की पॉवर हे ठरेना म्हणून दोन्हींच्या मधोमध ठेवलं, आणि ते तिथे चपखल बसलं आहे: स्कॉट ट्रॅव्हिसच्या ड्रमने दार उघडतं आणि पलीकडे हेलोवीन उभे आहेत. शेवटच्या गाण्यावर मात्र मतं समसमान पडली, दुसऱ्यांदा घेतली तरी तशीच. मग असं ठरलं की शेवटची जागा दर तीन महिन्यांनी एकेकाच्या ताब्यात द्यायची. सध्या तिथे मॅनिला रोडचं 'नेक्रोपोलिस' आहे. माझा त्या बँडवर जीव असूनही इतकं छोटं, चटकन संपणारं गाणं शेवटी मला पटलेलं नाही. पुढची पाळी माझी आहे.